अर्ध्यावर सोडता येणारी कामे

अध्यक्षबाई, ग्रंथालयाचे कार्यवाह आणि जमलेले सर्व श्रोते,

निमंत्रणपत्रिकेवर ‘लहान मुले असलेल्या घराचे दैनंदिन नियोजन’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. त्यावर मला एकच मत मांडायचे आहे आणि ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे वेळ कसा जाईल याचा माझ्या बाबतीत भरवसा नसतो. लहान मुलांच्या घरात दिवसाची आखणी वेळेच्या हिशोबाने करू नये, व्यत्ययाच्या हिशोबाने करावी. अमुक कामाला किती वेळ लागतो हा दुय्यम प्रश्न आहे. ते काम मध्येच सोडावे लागले तर त्याचे काय होते, हा पहिला प्रश्न आहे.

मी पूर्वी लेखापरीक्षणाचे काम करत असे. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडली आणि आता साडेचार वर्षांचा मुलगा व दीड वर्षाची मुलगी यांच्यासह मी पूर्णवेळ घरी असते. नोकरी सुटली तरी दुसऱ्याने मांडलेले आकडे तपासून पाहण्याची खोड सुटलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली जानेवारी ते डिसेंबर देशभर वेळ-वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे, हा तिचा निष्कर्ष आपण वाचला असेलच. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात-भरपाईच्या एका निकालात गृहिणीच्या श्रमाचे मोल सांगताना हेच आकडे दिले. या आकड्यांवर भाषणे पुष्कळ झाली आहेत, त्यामुळे आणखी एक करत नाही. माझी उत्सुकता ती पाहणी कशी केली, याबद्दल होती. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून मुलाखतीच्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा हिशोब अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरून घेतला गेला, आणि एका रकान्यात दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक चाललेली, जास्तीत जास्त तीन कामे नोंदवायची, अशी रीत होती. रीत म्हणून ती योग्यच आहे, कारण कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय पाहणी होत नाही. पण या सभागृहात ज्यांच्या घरी दीड वर्षाचे मूल आहे, त्यांनी मला सांगावे की सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सलग दहा मिनिटे चाललेले त्यांचे एक तरी काम कोणते. काम दोन तास होतच असते. पण ते चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत होते आणि मधल्या प्रत्येक फटीत कोणीतरी पडलेले असते, रडत असते, किंवा अतिशय शांत असते. शेवटचा प्रकार सर्वांत गंभीर, कारण शांततेचा अर्थ सहसा तांदळाचा डबा उघडलेला आहे, असा असतो.

तेव्हा माझ्या मते घरातल्या कामांची पहिली वाटणी स्वयंपाक, धुणे, केर अशी करू नये. ती कामे अर्ध्यावर सोडता येतात का, यावरून करावी. मेथी निवडणे, लसूण सोलणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, घासलेली भांडी जागेवर लावणे ही कामे कोणत्याही क्षणी सोडता येतात आणि जिथे सोडली तिथूनच पुन्हा उचलता येतात. कणीक तर मळून झाकून ठेवली की मुरते, म्हणजे सोडून गेल्याने काम बिघडत नाही, उलट सुधारते. याउलट फोडणी, तळण, उतू येण्याच्या बेतात असलेले दूध आणि बाळाची आंघोळ ही कामे सोडता येत नाहीत. आंघोळीच्या बाबतीत हे अगदी शब्दशः घ्यावे. टबात चार बोटे पाणी असले तरी बाळाला एकटे ठेवून दाराकडे किंवा फोनकडे जायचे नाही. जायचेच असेल तर बाळाला टॉवेलात गुंडाळून, कडेवर घेऊन जायचे.

या दोहोंच्या मधला जो तिसरा वर्ग आहे, त्याने लोक फसतात. ही कामे सोडता येतात, परंतु परत आल्यावर पहिल्यापासून करावी लागतात. रकान्यातल्या रकमांची बेरीज निम्म्यात तुटली की वरून पुन्हा सुरू करावी लागते, हे मला नोकरीत ठाऊक होतेच. शाळेच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज, विम्याच्या कंपनीला केलेला फोन, महिन्याच्या किराण्याची यादी ही सगळी त्याच जातीची. दिसायला वीस मिनिटांचे काम असते आणि तीन वेळा तुटल्यावर त्यात सकाळ जाते. बाई दिवसभर राबूनही ‘आज काहीच झाले नाही’ असे संध्याकाळी म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा तिने या तिसऱ्या वर्गातले काम मूल जागे असताना हाती घेतलेले असते. तिचा आळस किंवा गबाळेपणा त्यात नसतो.

यावरून दुपारच्या झोपेचे महत्त्व आपल्या लक्षात येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. म्हणजे धाकटीला दुपारची झोप हवीच असते, थोरल्याला ती हवी की नको हे त्याचे अजून ठरलेले नाही, आणि दोघेही एकाच वेळी झोपलेले असतात असा दिवसाचा तुकडा फार तर तासाभराचा असतो. न तुटणाऱ्या कामांसाठी आपल्याजवळ तेवढेच भांडवल आहे. आता या भांडवलाचे आपले शहर काय करते, ते ऐका.

पुण्यातली दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात, यावर साऱ्या महाराष्ट्राने आजवर भरपूर विनोद करून घेतले. मी लग्न होऊन नाशिकहून इथे आले तेव्हा मीही केले. आज मी त्या प्रथेची कट्टर समर्थक आहे, कारण लहान मुलाच्या झोपेचा मान राखणारी दुसरी सार्वजनिक व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. दुर्दैवाने दुकानदार झोपू लागला आणि कुरिअरवाला जागा झाला. तो बरोबर दोन वाजता येतो. त्याला दोष देत नाही. ऊन त्याच्या डोक्यावर आहे, दिवसाची पाकिटे त्याला संपवायची आहेत, आणि पाकीट दारात ठेवून जाण्याची त्याला मुभा नसते, कारण ओटीपी घ्यायचा असतो. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही मोबाईलवर आलेला क्रमांक सांगावा लागतो. तो मोबाईल झोपलेल्या मुलीच्या उशाशी असतो, कारण तिला झोपवताना त्यावर पावसाचा आवाज लावलेला असतो. म्हणजे बेलने एक मूल उठते आणि मोबाईल काढताना दुसरे.

माझ्या पतींनी यावर पुणेरी तोडगा काढला आणि दारावर पाटी लावली : ‘दुपारी १ ते ४ मुले झोपलेली असतात. बेल वाजवू नये. हळूच टकटक करावी.’ पहिल्याच दुपारी बेल वाजली. इस्त्रीवाल्याचा मुलगा होता. मुले खरोखरच झोपली आहेत का, हे विचारायला त्याने बेल वाजवली होती. त्यानंतर एक गृहस्थ पत्ता चुकून आले, त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि मग वाजवली. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक तीनच्या सुमारास येऊन, अर्थातच बेल वाजवून, सांगते झाले की ‘हळूच टकटक’ ही शब्दयोजना विसंगत आहे, कारण टकटक म्हटले की ती हळू राहत नाही. त्याऐवजी ‘दार हलकेच वाजवावे’ असे लिहावे. मी कडेवर रडणाऱ्या मुलीसह त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. (हशा.) आपण हसता आहात, पण आपल्यापैकी निम्म्या जणांनी असे कोणाचे तरी दार वाजवलेले असणार. शेवटी आम्ही दुपारपुरता बेलचा खटका बंद ठेवू लागलो आणि कुरिअरची पाकिटे खाली सुरक्षारक्षकाकडे ठेवण्याची विनंती सोसायटीच्या बैठकीत मांडली. तिथे सभासदांनी पाऊण तास चर्चा करून ती पुढच्या बैठकीवर ढकलली. त्या बैठकीला हजर राहण्यासाठी मी मुलांना ज्या शेजारणीकडे ठेवले होते, तिच्याकडे त्या दिवशी पाहुणे आले, ही हकिकत मात्र आवरती घेते, कारण कार्यवाह घड्याळाकडे पाहू लागले आहेत.

मुद्द्यावर येते. झोपेचा तो तास न तुटणाऱ्या आणि पहिल्यापासून कराव्या लागणाऱ्या कामांसाठी राखायचा असेल, तर तुटणारी सगळी कामे मुले जागी असताना, त्यांच्यासमोर, शक्य तेथे त्यांच्याबरोबर करावी लागतात. आपल्याकडे सर्रास उलटे चालते. मूल जागे असताना आई त्याच्यासमोर खेळणी मांडून बसते आणि ते झोपले की धावपळ करून घड्या, भांडी आणि केर उरकते. म्हणजे जे काम कोणत्याही गोंधळात होण्याजोगे होते, ते तिने शांततेत केले.

मूल कामात लुडबुड करते, ही त्यावरची नेहमीची तक्रार. ती करते, यात शंका नाही. पण ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, अशी अंगणवाडी चालवली, तेव्हा त्यांच्यापाशी महागडी साधने नव्हती. बिया, पाने, खडे, शिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. मेथीची जुडी, वाट्या-चमचे, हातरुमालांचा ढीग यांना मी त्याच दर्जाचे शैक्षणिक साहित्य मानते, आणि ते घरात आधीच पैसे देऊन आणलेले असते. थोरला रुमाल आणि मोजे वेगळे करतो. धाकटी ते पुन्हा एकत्र करते. दोघांचेही शिक्षण चालू राहते आणि माझ्या बाकीच्या घड्या होतात. एक सावधगिरी मात्र हवी. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे अशा गोल आणि टणक वस्तू चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, त्या घशात अडकतात. निवडायला पालेभाजी द्यावी, मोठे बटाटे द्यावेत.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवर छापलेले नियोजन अजून सांगायचेच आहे, तेव्हा भराभर सांगते.

वेळापत्रक करू नका, पण घड्याळाला बांधलेल्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत त्या कागदावर लिहून काढा. आमच्याकडे नळाला पाणी येण्याची वेळ, थोरल्याच्या शाळेची रिक्षा, घरकामाच्या मावशी आणि दुपारची झोप एवढ्याच आहेत. बाकी सगळ्या कामांना वेळ नको, फक्त क्रम हवा. एका कामानंतर कोणते, एवढे ठरलेले असले म्हणजे अर्धा तास मागे पडल्याने दिवस कोसळत नाही. न तुटणाऱ्या कामांना तुटण्याजोगे करून घ्या. एक-दोन दिवसांची कोरडी वाटणे झोपेच्या तासात करून ठेवा. दूध मुले उठण्याआधी तापवा. कुकर मला फार प्रिय आहे, कारण तो स्वतः हाक मारतो. पातेले मारत नाही. पोळ्या करताना उठावे लागले तर आधी गॅस बंद, मग मूल, हा क्रम एकदा हाताला लावून घ्या. ज्या सकाळी लसीकरणाला जायचे आहे, त्या दिवशी पोळ्यांचा बेतच नको, खिचडी टाका.

अर्धवट काम अशा अवस्थेत सोडा की ते पाहून दुसऱ्या माणसाला पुढे काय करायचे ते कळेल. धुतलेली भाजी चाळणीत, शेजारी विळी, शेजारी कढई. असे केल्याने संध्याकाळी पतीमहाशय घरी आल्यावर ‘मी काय मदत करू?’ असे विचारण्याची त्यांना सोय उरत नाही.

याहून महत्त्वाचे असे की, घरात दोन मोठी माणसे असतील तेव्हा तू भांडी घे, मी केर घेते, अशी वाटणी निरुपयोगी आहे, कारण मुले दोघांनाही सारखीच तोडत राहतात आणि दोन्ही कामे रखडतात. व्यत्ययच वाटून घ्या. एक तास प्रत्येक हाक, प्रत्येक रडे, प्रत्येक बेल एकाची, आणि दुसऱ्याला आग लागल्याखेरीज हाक मारायची नाही. पुढच्या तासाला बदल. आमच्या घरी रविवारी सकाळी हे चालते. सुरुवातीला मुले बंद दारावर थापा मारतात. बाहेरच्या माणसाने दार उघडले नाही तर काही आठवड्यांत त्यांना ते समजते. बाहेरच्या माणसाला समजायला थोडा अधिक काळ लागतो.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांच्यासाठी शेवटचा मुद्दा. आजींवर आपण नेमके न तुटणारे काम टाकतो. बाळाची आंघोळ त्यांच्या हातची छान होते म्हणून ती त्यांच्याकडे, दोन वाट्यांचे तळण त्यांच्याकडे. सत्तरीच्या मनगटांना आणि गुडघ्यांना ओले, निसरडे मूल सांभाळणे जड जाते, आणि त्या तसे म्हणत नाहीत. त्यांना लसूण, निवडणे, घड्या आणि गोष्टी सांगणे द्या. आंघोळ आपल्याकडे घ्या. त्या विरोध करतील, तो पहिल्या आठवड्यात गृहीत धरा. ज्यांचे प्रश्न असतील त्यांनी बाहेर व्हरांड्यात विचारावेत. सभागृह साडेसातला बंद होते.