उजव्या पायाची दोन कामं

[दृश्य : पहाट. गाडीच्या आत, पायांजवळ लावलेला कॅमेरा. तीन पॅडल, दोन पाय. इंजिन बंद.]

पायांकडे बघा. डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर. पॅडल तीन आणि पाय दोन. रोज गाडी चालवताना हा हिशेब कुठे अडत नाही, कारण उजवा पाय एका वेळी एकच काम करतो. ब्रेकवर असला की रेसवर नसतो, रेसवर असला की ब्रेकवर नसतो. हाच पाय एकाच क्षणी दोन्ही कामं करतो, त्याला हील-टो म्हणतात. मला ते शिकायला एक पावसाळा आणि एक हिवाळा लागला.

आधी हे करायचंच कशाला, ते सांगते.

[दृश्य : डॅशबोर्ड. आरपीएमचा काटा.]

समजा, मी चौथ्या गियरमध्ये साठने चालले आहे. माझ्या गाडीत तेव्हा काटा २२००च्या आसपास असतो. पुढे वळण आहे, मला तिसरा हवा. तिसऱ्यात याच वेगाला इंजिनाला मिनिटाला ३००० फेऱ्या लागतात. म्हणजे क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत, त्या पाऊण सेकंदात, इंजिन वर चढायला हवं. होतं नेमकं उलटं. क्लच दाबला, इंजिन चाकांपासून सुटलं, पाय रेसवरून निघालेला, की इंजिन खाली बसायला लागतं. २२००चं १८००, १८००चं १४००. आणि अशा बसलेल्या इंजिनावर आपण क्लच सोडतो. आता त्याला ३०००पर्यंत ओढून न्यायचं काम चाकांच्या गळ्यात पडतं. चाकांचा वेग त्यात खर्ची पडतो. गाडीला बसणारा हिसका तो हाच. मागे बसलेल्यांच्या माना पुढे जातात, क्लच प्लेट घासते, आणि आपण म्हणतो, गाडी जरा झटके देते.

कोरड्या सरळ रस्त्यावर एवढ्यावर निभावतं. पण रस्ता ओला असेल, वळणात शिरताना मी असा हिसका दिला, तर ज्या चाकांना इंजिन जोडलेलं आहे त्यांची पकड क्षणभर सुटू शकते. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर स्टिअरिंग फिरवलं तरी ती सरळ जायला बघते. मागची चाकं ढकलणारी असेल तर तिचं शेपूट फिरतं.

उपाय सोपा आहे. क्लच दाबलेला असतानाच रेसला एक टिचकी द्यायची. इंजिन ३०००वर येतं, त्या क्षणी क्लच सोडायचा. दोन्हीकडचा वेग सारखा, कुणी कुणाला ओढत नाही. अडचण एवढीच की वळणाआधी उजवा पाय ब्रेकवर गुंतलेला असतो. तो उचलून रेसवर नेला तर ब्रेक सुटतो, नेमका नको तेव्हा. म्हणून तळपाय ब्रेकवर ठेवूनच त्याच्या उजव्या कडेने रेस द्यायची.

[दृश्य : घराची पडवी. मामांचे हात, चहाची बशी.]

माझे मामा एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. आधी ट्रक, मग एसटी. कराड–चिपळूणच्या रस्त्यावर, कुंभार्ली घाटात, त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मी त्यांना हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "अगं पोरी, हा तर आमचा डबल क्लच. तू फक्त ब्रेकवरचा पाय न काढता करतेयस."

बरोबर होतं त्यांचं. त्यांनी ज्यांच्यावर हात बसवला त्या गाड्यांच्या गियरबॉक्समध्ये सिंक्रो नव्हता. सिंक्रो म्हणजे दात्यात दाता बसण्याआधी त्यांचा वेग एकमेकांशी जुळवून देणारी पितळी कडी. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ साली ही सोय आपल्या गाड्यांत आणली, पण अवजड गाड्यांपर्यंत ती पोहोचायला कितीतरी दशकं गेली. तोवर तिचं काम ड्रायव्हरचा कान करायचा. मामांनी पडवीत बसून, समोर गाडी नसताना, हातापायांनी करून दाखवलं: क्लच दाबला, गियर न्यूट्रलला आणला, क्लच सोडला, रेस दिली, पुन्हा क्लच दाबला, खालचा गियर टाकला, क्लच सोडला. तोंडाने इंजिनाचा आवाजही काढला. रेस कमी पडली तर दाते खर्रकन बोंबलतात आणि गियर पडतच नाही.

मी विचारलं, नाही पडला तर?

"उतारावर? मग गाडी न्यूट्रल. भरलेली गाडी, मागे पन्नास माणसं, आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापला की धरत नाही." जरा थांबून म्हणाले, "म्हणून उतार लागायच्या आधीच गियर टाकायचा. ज्या गियरात घाट चढतो त्याच गियरात उतरायचा."

हे वाक्य घाटात गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. गाडीचं वजन इंजिनावर टेकवून उतरायचं, ब्रेक राखून ठेवायचा. हील-टो मी शर्यतीच्या व्हिडिओंमधून उचललं. पण आमच्या घरात त्याच्या जवळची विद्या आधीच होती, आणि तिच्यावर पन्नास माणसांचा जीव चालत होता, हे मला त्या दिवशी पडवीत कळलं.

आजच्या गाड्यांत सिंक्रो असतो, डबल क्लचची गरज उरली नाही. मात्र सिंक्रो गियरबॉक्सच्या आतला वेग जुळवतो, इंजिनाचा नाही. तो जुळवणं अजूनही पायावरच आहे.

[दृश्य : रिकामं मैदान. सकाळ. गाडी हळूहळू गोल फिरते आहे.]

मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी ब्रेक, रेस, क्लच, गियर, सगळं एकदम करायला गेले आणि गाडी अशी नाक आपटत थांबली की मागच्या सीटवरची पिशवी पुढे आली. मग तुकडे पाडले. पहिला तुकडा, ब्रेकशिवाय. सपाट रस्त्यावर चौथ्यातून तिसरा, क्लच, टिचकी, सोड. टिचकी कमी पडली की गाडी मागे खेचल्यासारखी होते, जास्त झाली की पुढे उडी मारते. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. तिथे क्लच सुटतो आणि काहीच होत नाही. आवाज तेवढा बदलतो. ते "काहीच न होणं" पहिल्यांदा जमायला मला तीन आठवडे लागले. काट्याकडे बघत होते तोवर जमलं नाही. काटा बघायचा सोडून कान लावला तेव्हा जमायला लागलं.

दुसरा तुकडा, गाडी उभी आणि इंजिन बंद. नुसता पाय बसवायचा.

[दृश्य : पाय, अगदी जवळून.]

इथे नीट बघा. नाव हील-टो, म्हणजे टाच आणि बोटं. पण माझी टाच खालीच टेकलेली आहे. अंगठ्यामागचा जो भरीव भाग, चवडा, त्याची डावी बाजू ब्रेकच्या उजव्या कडेवर आहे. करंगळीकडची कड हवेत आहे, अ‍ॅक्सिलरेटरच्या वर. आता घोटा उजवीकडे कलतो, आणि ती कड पॅडलवर टेकते. पाय मोठा असेल, पॅडल जवळ असतील, तर असं होतं. पॅडल लांब असतील तर टाच खरोखरच वळवून रेसवर न्यावी लागते. गाडी बदलली की पाय पुन्हा शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ब्रेकचं पॅडल रेसच्या पॅडलपेक्षा उंच असतं. हलका ब्रेक मारला तर ते वरच राहतं, आणि पायाची कड रेसपर्यंत पोहोचतच नाही. ब्रेक नीट दाबला की दोन्ही पॅडल जवळजवळ एका पातळीवर येतात. त्यामुळे बाजाराच्या गर्दीत, हळू गाडीत, हे शिकायला जाणं व्यर्थ आहे. आणि भर रस्त्यावर, माणसांमध्ये जोरात ब्रेक मारत सराव करणं धोक्याचं आहे. मैदान शोधा. बूट पातळ तळाचा घाला. मी एकदा कोल्हापुरी घालून बसले होते, चपलेची कड ब्रेकखाली अडकली. गाडी उभी होती म्हणून बरं.

सगळ्यांत अवघड मात्र वेगळंच निघालं. रेस देताना ब्रेकवरचा दाब हलतो. घोटा कलला की चवडाही दबतो, आणि गाडी वाकून नमस्कार करते. मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली शेजारच्या सीटवर आडवी ठेवायचे. ब्रेक एकसारखा असेल तर पाणी एका बाजूला जाऊन तिथेच राहतं. दाब हलला तर ते परत मागे येतं. कित्येक सकाळी ते मागेच येत राहिलं.

एका मित्राच्या नव्या गाडीत तर काहीच होईना. कड टेकत होती, इंजिन ढिम्म. मला वाटलं, आलेलं विसरले. नंतर कळलं की बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये ब्रेक आणि रेस एकत्र दाबले तर संगणक रेस कापतो. अडकलेल्या अ‍ॅक्सिलरेटरने अपघात होऊ नये म्हणून केलेली सोय आहे, आणि योग्यच आहे.

[दृश्य : रेस ट्रॅकचं सरळ अंग, शेवटी तीव्र वळण.]

या कलेचं खरं घर रेस ट्रॅक. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथे लांब सरळ अंगाच्या शेवटी ब्रेक, गियर आणि वळण एका श्वासात उरकावं लागतं. फॉर्म्युला वनचा जगज्जेता ड्रायव्हर एयर्टन सेना जपानच्या सुझुका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार चालवतो आहे, अशी एक जुनी चित्रफीत आहे. पायात मऊ लोफर, पांढरे मोजे. मी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नाही, पायच बघत राहिले. ब्रेकवरचा चवडा दगडासारखा, आणि कड मात्र फडफडते आहे.

फॉर्म्युला वनमध्ये १९८९ साली फेरारीने स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गियर बदलणारी गाडी आणली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत तिच्यावर जिंकली. हळूहळू तिथून क्लचचं पॅडलच गेलं. वीस वर्षांनी निसानच्या ३७०झेडमध्ये टिचकी द्यायचं काम संगणकाकडे आलं, मॅन्युअल गियर असूनही. विजेच्या गाडीत तर हा प्रश्नच नाही. मला याचं वाईट वाटतं. ब्रेक लावत असतानाही मनात एक आवाज धरून ठेवायचा आणि इंजिनाला बरोबर तिथे आणून सोडायचं, हे ज्याला एकदा जमलं, त्याला ते यंत्राच्या हवाली करावंसं वाटत नाही.

[दृश्य : कुंभार्ली घाट. डिसेंबर. पोफळीच्या दिशेने उतार. धुकं विरळ होतंय.]

आज मामा शेजारी बसले आहेत. पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर आहे. गाडी वेगात नाही, चाळीस-पंचेचाळीस. समोरून एक भरलेला ट्रक चढतो आहे. चढणाऱ्याचा मान पहिला, म्हणून मी बाजू देते, तो जातो. पुन्हा रस्ता मोकळा. वळण दिसतं.

ब्रेक. डावा पाय खाली. हात चौथ्यातून तिसऱ्याकडे. घोटा कलतो, इंजिन एकदा हुंकारतं. क्लच सुटतो.

[आवाज : फक्त इंजिन. पाच सेकंद निवेदन नाही.]

मामांनी बाटलीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे.

"रेस थोडी जास्त झाली," ते म्हणाले. "पुढचं वळण आवळ आहे. तिथे दुसरा टाक."