डब्याचं झाकण उघडण्याआधी

(दृश्य: सातवीचा वर्ग. बाकावर स्टीलचा डबा.)

मधली सुट्टी. पोराचा डबा बाबांच्या डब्याशी बदललाय. झाकण निघतं, बटाट्याच्या जागी कारल्याची भाजी. शेजारचा विचारतो, "काहून बे, कारले खाऊन राह्यला आज?"

शाळेवरचा कौटुंबिक विनोदी चित्रपट अशाच वीस-वीस सेकंदांच्या प्रसंगांवर उभा असतो. पोरं नागपूरची, तर संवाद असा नागपुरी हवा. तोच पुस्तकी मराठीत म्हणायला लावला की पोरगं पाठांतर म्हणून दाखवल्यासारखं बोलतं.

पण प्रसंग सगळ्यात जास्त फसतो तो हसण्यात. सहसा आधी वाइड शॉट, म्हणजे सगळा वर्ग दिसेल असा शॉट घेतात, मग चेहरे. इथे क्रम उलटा ठेवावा. पहिला कॅमेरा भोवतीच्या पोरांवर. तालीम रिकाम्या डब्यानं करावी. आत काय निघणार हे फक्त डबा उघडणाऱ्याला आणि संवाद म्हणणाऱ्याला माहीत असावं. पहिल्या टेकला फुटलेलं हसू खरं असतं. चौथ्या टेकपर्यंत पोरं झाकण निघायच्या आधीच हसू लागतात. मग कितीही टेक घ्या, ते हसू परत येत नाही.

(दृश्य: ओळीनं मांडलेले सहा सारखे डबे.)

वाइडसाठी सारखेच सहा डबे भरून तयार ठेवावेत. दर टेकनंतर एकच डबा पुन्हा भरत बसलं, तर तेवढ्यात वर्ग विस्कटतो. किती पोळी तोडली याचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर एडिटमध्ये अर्धी पोळी पुन्हा अख्खी दिसते.

आता आवाज. पंखे सुरू असले की संवाद त्या घरघरीत बुडतो, म्हणून टेकपुरते ते बंद करावे लागतात. मे महिन्यात शाळा रिकामी मिळते खरी, पण नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो; पंख्याविना वर्गात मुलांना बसवणं योग्य नाही. हिवाळ्यातले रविवार बरे. डिसेंबरात मात्र हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सजवळची शाळा टाळावी, मोर्च्यांचे भोंगे थेट माइकमध्ये येतात. बाकांच्या पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले की फरशीवरची करकर थांबते. भिंतींवरून आवाज घुमतो, त्यासाठी कॅमेऱ्यामागे गोधड्या टांगाव्यात. ट्यूबलाइट फ्रेममध्ये फडफडत असेल तर कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवावं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ.)

14 वर्षांखालच्या मुलांबाबत नियम स्पष्ट आहेत. दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांहून जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला सहा जण. मिळकतीतले किमान 20 टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून जातात. हे सगळं मनापासून पाळावं. दुसऱ्या तासानंतर चेहरे उतरू लागतात, म्हणून हसण्याचे शॉट सकाळी पहिल्या तासातच उरकावेत.

एडिटमध्ये झाकण निघाल्यावर लगेच हशा लावू नये. डबा उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबात बारा-तेरा फ्रेम, थांबावं. त्या शांततेखाली गप्प बसलेल्या वर्गाचाच आवाज लागतो. तो शूटिंग संपताना, मुलं बाकांवर बसलेली असतानाच, एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवावा.