शेवटचे तीस किलोमीटर

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला विषय दिलाय तो असा : विमानतळावरून शहराच्या मध्यभागी जाण्याची साधनं, आणि कोणतं केव्हा निवडावं. तो मी पुरा करणार आहे. पण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात साठून राहिली आहे, ती आधी बोलून घेतो.

विमानप्रवासाच्या गप्पा निघाल्या की आपण खिडकीच्या जागेबद्दल बोलतो, उशिराबद्दल बोलतो, सामानाच्या वजनाबद्दल तर फारच बोलतो. चाकं जमिनीला टेकली की प्रवास संपला, असं आपण धरूनच चालतो. माझं म्हणणं असं की विमानतळ आखणाऱ्यांनीही अनेकदा हेच धरलं. धावपट्टी आधी, इमारत मग, आणि माणसं शहरात कशी पोचणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर.

जरा हात वर करा बघू. विमानात जेवढा वेळ गेला, तेवढाच पुढे मुक्कामाच्या दारापर्यंत गेला, असं कुणाकुणाचं झालंय? बघा! मागच्या रांगेतल्या त्या ताईंनी तर दोन्ही हात वर केलेत. त्यांना सभेनंतर भेटणार आहे मी.

हे झालं कसं? जेट विमानं आली, त्यांना लांब धावपट्टी लागते, आवाज प्रचंड, म्हणून विमानतळ शहराबाहेर ढकलले गेले. शांघायचा पुडोंग तीसेक किलोमीटरवर, ऑस्लोचा गार्डरमोएन पन्नासेक, टोकियोचा नारिता तर जवळपास साठ. आणि नारिताची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, कारण या विषयातलं सगळं शहाणपण आणि सगळी घोडचूक तिथे एकाच जागी सापडते.

१९६६ साली जपान सरकारनं जाहीर केलं की टोकियोचा नवा विमानतळ नारिताजवळ सानरिझुका इथे होणार. तिथल्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, आणि निर्णय परस्पर झालेला. ते उभे ठाकले, विद्यार्थी त्यांच्या बाजूनं आले, आणि वर्षानुवर्षं संघर्ष पेटला, त्यात दोन्ही बाजूंची माणसं दगावली. १९७८ च्या मार्चमध्ये, उद्‌घाटन चार दिवसांवर असताना, आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि त्यांनी यंत्रं फोडली. शेवटी मे महिन्यात विमानतळ सुरू झाला. माझी सहानुभूती कुणाकडे आहे हे मी लपवत नाही. ज्यांची जमीन जाणार त्यांच्याशी आधी बोललं नाही, तर पुढच्या प्रत्येक पावलाची किंमत दुप्पट होते.

आता आपल्या विषयाचा भाग. विमानतळ इतका लांब, तर जोडायचं कसं? योजना भव्य होती. टोकियो स्थानकापासून विमानतळाच्या इमारतीखालपर्यंत थेट शिंकान्सेन, म्हणजे त्यांची अतिवेगवान गाडी. अर्ध्या तासाचा प्रवास! १९७४ मध्ये काम सुरू झालं. पण ही गाडी ज्या वस्त्यांमधून जाणार तिथले लोक म्हणाले, खडखडाट आमच्या उशाशी आणि गाडी आमच्याकडे थांबणार नाही, मग आम्ही का सोसायचं? अगदी रास्त प्रश्न. १९८३ मध्ये काम थांबलं, १९८७ मध्ये योजनाच गुंडाळली.

दरम्यान केइसेई नावाच्या खासगी रेल्वे कंपनीनं आपला मार्ग विमानतळापर्यंत आणला होता. पण इमारतीखालची जागा शिंकान्सेनसाठी राखून ठेवलेली. मग केइसेईचं स्थानक झालं थोडं दूर. प्रवाशानं गाडीतून उतरायचं, बॅगा ओढत बस पकडायची आणि त्या बसनं इमारतीत जायचं. आणि इमारतीखाली? तिथे शिंकान्सेनच्या स्थानकाचा सांगाडा तयार होता. फलाटाची जागा होती, बोगदा होता, फक्त गाडी नव्हती. माणसं वर बसची वाट पाहताहेत आणि त्यांच्या पायाखाली रिकामं स्थानक पडून आहे, हे एक-दोन वर्षं नाही, १९९१ पर्यंत चाललं! त्या वर्षी जपान रेल्वे आणि केइसेई, दोघांच्या गाड्या त्या सांगाड्यात आणल्या गेल्या. पुढे २०१० मध्ये शिंकान्सेनसाठी ठेवलेल्या जागेचा काही भाग वापरून नवा मार्ग झाला. आता १६० किलोमीटर वेगाची गाडी टोकियोतल्या निप्पोरी स्थानकाहून ३६ मिनिटांत विमानतळावर पोचते. १९७८ ते २०१०. बत्तीस वर्षं.

आणि हे त्या शहराला जमत नव्हतं असं नाही हो. याच टोकियोनं १९६४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर हानेदा विमानतळापर्यंत मोनोरेल नेऊन दाखवली होती. लंडनजवळच्या गॅटविकला तर १९५८ मध्येच इमारतीला लागून रेल्वे स्थानक होतं. म्हणजे युक्ती ठाऊक होती, प्रश्न होता तो कुठल्या गोष्टीला आधी स्थान द्यायचं याचा.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं तर याहून वाईट झालं. १९७५ मध्ये मिराबेल हा अवाढव्य विमानतळ उघडला. आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे, देशांतर्गत विमानं शहराजवळच्या जुन्या डोर्व्हालला. ठरलेली जलद रेल्वे कधी झालीच नाही. लोकांनी पाठ फिरवली, २००४ मध्ये प्रवासी विमानं बंद झाली आणि दहा वर्षांनी ती इमारत पाडायला घेतली. धावपट्ट्या उत्तम होत्या. शहरात जायची सोय नव्हती.

संयोजक चिठ्ठी पाठवताहेत... दहा मिनिटं? बरं. मग मूळ विषय भराभर घेतो, आणि माझा मुद्दा त्यातच सांगतो. साधन जोखायचं ते त्याच्या वेगावरून नाही. ते कुठे सोडतं, किती वेळानं येतं आणि रात्री असतं का, यावरून जोखायचं.

कुठे सोडतं? शांघायची चुंबकीय गाडी, म्हणजे चुंबकांच्या बळावर तरंगत जाणारी, ४३१ किलोमीटर वेगानं धावायची, तीस किलोमीटर आठ मिनिटांच्या आत. पुढे तो वेग ३०० वर आणला. विलक्षण यंत्र आहे, इंजिनिअरांना माझा सलाम. पण ती सोडते लाँगयांग रोडला, शहराच्या गाभ्यापासून दूर. तिथून पुन्हा मेट्रो. मेट्रोची २ क्रमांकाची मार्गिका विमानतळापासूनच निघते आणि सरळ शहराच्या मध्यातून जाते, फक्त सावकाश. लंडनमध्ये हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन स्थानकात नेते, पण तुम्हाला पॅडिंग्टनला जायचं नसतं! २०२२ पासूनची एलिझाबेथ मार्गिका थांबत थांबत जाते, पण शहराच्या आरपार जाते. बॅगा असतील तर एक गाडी बदलणं टाळायला दहा मिनिटं जास्त द्यावीत, हे माझं ठाम मत.

किती वेळानं येतं? हिशेब सोपा आहे. अर्ध्या तासानं सुटणारी गाडी असेल तर सरासरी पंधरा मिनिटं वाट पाहण्यात जातात. जाहिरातीतल्या 'पंधरा मिनिटांत शहरात'मध्ये ती मिनिटं धरलेली नसतात. दर पाच मिनिटांनी येणारी साधी गाडी तिच्या बरोबरीला सहज येते.

किमतीचं एकच सांगतो. टोरोंटोची विमानतळ रेल्वे २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा महाग होती, डबे ओस. पुढच्याच वर्षी भाडं निम्म्याहून कमी केलं आणि प्रवासी झपाट्यानं वाढले. बँकॉकनंही न थांबणारी खास गाडी बंद करून सगळीकडे थांबणारीच ठेवली. विमानतळावर रोज येणाऱ्यांत तिथे काम करणारेही असतात, आणि प्रवाशांना सोडायला-न्यायला आलेलेही असतात. त्यांचा विचार आधी व्हायला हवा.

बसला कमी लेखू नका. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळासाठी खास रेल्वेची योजना होती, आणि तिचा मार्ग आधी शहराच्या उलट दिशेला जाणारा! २०२३ मध्ये ती सोडून दिली आणि बस सुधारायचं ठरलं. तिथली क्यू-सत्तर क्रमांकाची बस त्याआधीच मोफत केली होती. बसला स्वतंत्र मार्गिका दिली तर ती रेल्वेच्या बरीच जवळ जाते. दिली नाही तर टॅक्सीसारखीच कोंडीत अडकते.

टॅक्सी : चौघं असाल, सामान जड असेल, सोबत वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर बिनदिक्कत टॅक्सी. फक्त अधिकृत रांगेतून घ्या. ॲपवरची गाडी कुठे उभी राहते ते आधी पाहा. लॉस एंजेलिसमध्ये २०१९ पासून त्यासाठी इमारतींपासून दूर वेगळा तळ आहे, तिथवर चालत किंवा बसनं जावं लागतं.

आणि रात्र. एकदा माझं विमान उशिरा पोचलं, मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटची गाडी गेलेली, फलक कोरा, चौकशीची खिडकी बंद. टॅक्सीच्या रांगेत एक वृद्ध जोडपं माझ्यापुढे उभं होतं, आजींना उभं राहवत नव्हतं आणि बसायला बाकडं नव्हतं. मला त्याचा आजही राग येतो. विमानं रात्री उतरतात हे विमानतळाला ठाऊक असतं ना? कोपनहेगनची मेट्रो २००७ पासून विमानतळापर्यंत जाते आणि चोवीस तास चालते. म्हणजे हे करता येतं.

तेव्हा विमानाचं तिकीट काढतानाच शेवटच्या गाडीची वेळ पाहा, आणि उतरण्याच्या वेळेत किमान दीड तास मिळवून मग ती जुळते का ते बघा. जुळत नसेल तर रात्रीची बस आहे का ते शोधा, आणि तीही नसेल तर टॅक्सीचे पैसे तिकिटाच्या किमतीत धरूनच स्वस्त-महाग ठरवा. घंटा झाली. प्रश्न घेऊ या, पहिला मान मागच्या रांगेतल्या ताईंचा.