तिसावी ओळ, सातवी ओळ

(दृश्य : जेवणाचं टेबल. त्यावर दोन कागद. एका माणसाचे हात.)

डावीकडचं पत्र २०२०च्या कोविडच्या साथीत वॉशिंग्टनहून आलंय. खाली राष्ट्राध्यक्षांची सही आहे आणि मजकूर असा, की तुमच्यासाठी १,२०० डॉलर पाठवले आहेत. उजवीकडचा कागद न्यूयॉर्क राज्याच्या कामगार खात्याचा. फॉर्म १०९९-जी, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या बेकारी भत्त्याची नोंद. त्यावरचा आकडा २४,००० डॉलरच्या आसपास आहे.

काकांनी दोन्ही कागद एकाच पाकिटात ठेवले होते. पाकिटावर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं, 'मदत'.

(दृश्य : जर्सी सिटी, न्यूअर्क अव्हेन्यू. सकाळ. अर्धी वर केलेली शटरं, दुकानासमोर कोथिंबिरीच्या जुड्या.)

काका इथेच, जर्नल स्क्वेअर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर राहतात. एकटेच. ग्रीन कार्डवर आहेत. काम नदीपलीकडे, मॅनहॅटनमधल्या एका रेस्टॉरंटच्या भटारखान्यात. १६ मार्च २०२०च्या रात्री न्यूयॉर्कमधली रेस्टॉरंट बसून जेवणाऱ्यांसाठी बंद झाली. त्या वर्षी तोवर काकांचा पगार झाला होता साधारण ६,००० डॉलर. पुढचं सगळं वर्ष बेकारी भत्त्यावर गेलं.

(दृश्य : पाथ रेल्वेचा रिकामा डबा. खिडकीत बोगद्याचा अंधार.)

हा बोगदा हडसन नदीखालून जातो आणि मध्येच राज्याची हद्द बदलते. काकांच्या करासाठी ती फार महत्त्वाची. भत्ता देतं ते राज्य, जिथे तुमची नोकरी होती. राहतं घर न्यू जर्सीत, पण भत्ता न्यूयॉर्कचा. न्यू जर्सी बेकारी भत्त्यावर कर लावत नाही. न्यूयॉर्क लावतं. स्टेशनं मोजली तर अंतर अर्ध्या तासाचंही नाही.

(दृश्य : एडिसन. वाचनालयाचं पार्किंग. प्लास्टिकची खोकी, मास्क लावलेल्या ताई, गाड्यांची रांग.)

ताई इथे लोकांची कराची रिटर्न भरून देतात. एरवी हे काम आतल्या टेबलांवर चालतं. व्हिटा नावाची ही फुकट कर-मदत अमेरिकेत पन्नास वर्षांहून जास्त काळ सुरू आहे. स्वयंसेवक परीक्षा देऊन येतात, आणि त्या वर्षी ५७,००० डॉलरपर्यंत कमावणाऱ्या कुणालाही ती मिळत होती. २०२१ मध्ये टेबलं बाहेर आली. माणसं गाडीतून न उतरता कागदांचं पाकीट खोक्यात टाकतात, ताई ते स्कॅन करतात आणि संध्याकाळी फोन करतात.

ताईंनी ठाण्यात बँकेत बावीस वर्षं काढली आहेत. कागद कसे लावायचे ते त्यांना सांगावं लागत नाही. काकांचं 'मदत' लिहिलेलं पाकीट उघडून त्यांनी पहिल्यांदा काय केलं, ते पाहा.

(दृश्य : जवळून. ताई पाकिटातले कागद दोन गठ्ठ्यांत वेगळे करतात. निवेदन थांबतं.)

हाच तो भेद. स्टिम्युलसचे पैसे, म्हणजे मार्च २०२०च्या कायद्यातले १,२०० आणि डिसेंबरच्या कायद्यातले ६००, हे उत्पन्न नव्हतंच. कायद्याच्या भाषेत ती करातली सूट होती, आगाऊ हातात दिलेली. त्यावर कर नाही. २०१९च्या मिळकतीवरून रक्कम जास्त आली असेल आणि २०२०मध्ये तुमची मिळकत वाढली असेल, तरी परत मागत नव्हते. उलट कमी आली असेल, तर केंद्रीय कराच्या रिटर्नच्या, म्हणजे २०२०च्या १०४० फॉर्मच्या तिसाव्या ओळीवर उरलेली मागून घेता येत होती.

बेकारी भत्ता मात्र उत्पन्न. तो जातो त्याच फॉर्मच्या जोडपत्र एकच्या सातव्या ओळीवर, आणि त्यावर पगारासारखाच कर.

(दृश्य : ताई वाचनालयाच्या भिंतीलगत चालतात, हातात गठ्ठे.)

हे नेहमी असं नव्हतं. १९७८पर्यंत अमेरिकेत बेकारी भत्त्यावर केंद्राचा कर नव्हता. मग ज्यांची मिळकत बऱ्यापैकी आहे त्यांच्याकडून थोडा घ्यायला सुरुवात झाली, आणि १९८६च्या कर-सुधारणेनं तो पुरता करपात्र केला. २००९च्या मंदीत पहिले २,४०० डॉलर एका वर्षापुरते सोडले होते. म्हणजे संकटात माणसाला सोडायचं असतं, हे त्या देशाला माहीत होतं. तरीही २०२०च्या मार्चमध्ये आठवड्याला ६०० डॉलरची वाढ जाहीर झाली तेव्हा कराबद्दल काही बदललं नाही. अर्ज भरताना एक चौकट येत होती : दहा टक्के केंद्रीय कर कापायचा का? घरभाडं थकलेलं असताना त्यावर 'हो' कोण म्हणेल? काकांनी 'नाही' लिहिलं. माझ्या मते त्या चौकटीशेजारी साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात, पुढच्या एप्रिलमध्ये काय होईल ते छापायला हवं होतं.

(दृश्य : ताईंचा लॅपटॉप. आकडे. बाजूला काकांचा फोन स्पीकरवर.)

आता हिशेब. पगार ६,०००, भत्ता २४,०००. एकूण ३०,०००. एकट्या माणसाची ठरावीक वजावट १२,४००. उरले १७,६००. त्यावर केंद्राचा कर सुमारे १,९०० डॉलर. तीन महिन्यांचा पगार सोडला तर कुठेच काही कापलेलं नव्हतं.

(फोनवर काका काहीच बोलत नाहीत. दृश्य तसंच राहू द्या.)

हे चित्रण मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं. काकांनी त्याच रात्री रिटर्न पाठवायला सांगितलं. देणं असलं की झोप लागत नाही, असं ते म्हणाले.

मग ११ मार्च २०२१ उजाडला. त्या दिवशी सही झालेल्या कायद्यानं २०२०च्या बेकारी भत्त्यातले पहिले १०,२०० डॉलर करमुक्त केले. अट एवढीच, की मिळकत दीड लाखाच्या आत असावी. नवरा-बायको दोघांनाही भत्ता मिळाला असेल तर दोघांना वेगवेगळी सूट. १०,२०० हा आकडा कुठून आला, ते ताईंनी पेन्सिलीनं लिहून दाखवलं.

(दृश्य : कागदावर १७ × ६०० = १०,२००.)

एप्रिल ते जुलैअखेरचे सतरा आठवडे, गुणिले भत्त्यातली आठवड्याची सहाशेची वाढ.

पण रिटर्न भरायला १२ फेब्रुवारीलाच सुरुवात झाली होती. ज्यांनी वेळेवर, किंबहुना वेळेआधी भरलं, त्यांनीच जास्त कर भरला होता. करखात्यानं सांगितलं, दुरुस्तीचं रिटर्न पाठवू नका, आम्हीच फेरहिशेब करू. अंतिम तारीख १५ एप्रिलवरून १७ मेवर गेली. काकांचा फेरहिशेब ताईंनी तिथेच केला : करपात्र रक्कम ७,४००, कर सुमारे ७४० डॉलर. जवळजवळ १,१७५ डॉलरचा फरक.

(दृश्य : पुन्हा पार्किंग. पाऊस. एका गाडीत तरुण जोडपं, मागच्या सीटवर लहान मुलगी.)

या गाडीतलं पाकीट वेगळं आहे. बेकारीचा प्रश्न नाही. त्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी टिकली होती. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. तिला काम करायची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, नाही. कर भरण्यापुरता मिळणारा, नवाने सुरू होणारा आयटिन तेवढा आहे. मुलगी न्यू जर्सीत जन्मलेली, अमेरिकन नागरिक.

दोघांनी एकत्र रिटर्न भरलं होतं, आणि २०२०च्या पहिल्या कायद्यात नियम असा होता की जोडीतल्या एकाकडे जरी आयटिन असला तरी सगळ्या घराला शून्य. सैन्यातल्या कुटुंबांचा अपवाद वगळता. त्याला नाही, तिला नाही, इथे जन्मलेल्या मुलीलाही नाही. कर मात्र सगळ्यांसारखाच भरलेला.

डिसेंबरच्या कायद्यानं ही चूक मागच्या तारखेपासून सुधारली. ज्याच्याकडे नंबर आहे त्याला मिळेल, मुलांना मिळेल. बातम्यांत ६०० डॉलरचीच चर्चा होती; ही ओळ आतल्या पानांत राहिली. एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो अशा गावांत किती मराठी घरं या वर्णनात बसतात, ते इथल्या कुठल्याही गणपतीच्या रांगेत उभं राहून कळेल.

(दृश्य : ताई गाडीच्या खिडकीशी वाकून बोटांवर मोजतात.)

पहिल्या फेरीचे त्याचे १,२००, मुलीचे ५००. दुसऱ्या फेरीचे त्याचे आणि मुलीचे ६००-६००. एकूण २,९००. जागा, तिसावी ओळ. तिचे शून्यच.

(दृश्य : ती खिडकीची काच वर करते. निवेदन नाही.)

तिसाव्या ओळीवरचा आकडा आणि करखात्याच्या नोंदी जुळल्या नाहीत, की रिटर्न यंत्रातून बाजूला निघतं आणि माणसाच्या हातात जातं. २०२१च्या उन्हाळ्यात अशी आणि इतर कारणांनी अडकलेली मिळून साडेतीन कोटी रिटर्न पडून होती. म्हणून ताई प्रत्येकाला विचारतात : नेमके किती आले? कुठल्या तारखेला? पत्र ठेवलंय का? काही जणांना पैसे साध्या पांढऱ्या पाकिटातल्या डेबिट कार्डावर आले होते. जवळपास ४० लाख लोकांना अशी कार्डं गेली. जाहिरात समजून कितींनी ती टोपलीत टाकली असतील!

(दृश्य : ताईंनी खोक्यावर चिकटवलेला कागद, मराठी, गुजराती, तेलुगू आणि इंग्रजीत : 'पाकीट फेकू नका'.)

पुढचं थोडक्यात. २०२१च्या भत्त्याला १०,२०० ची सूट मिळाली नाही, आणि पुढच्या वर्षी पुष्कळांना पुन्हा धक्का बसला. न्यूयॉर्क राज्यानं केंद्राची सूट मानलीच नाही. काकांनी राज्याचा कर हप्त्यांनी फेडला. करखात्यानं जानेवारी २०२३ पर्यंत साधारण १ कोटी ४० लाख रिटर्न स्वतः दुरुस्त केली, आणि जवळपास १ कोटी २० लाख लोकांना मिळून १४.८ अब्ज डॉलर परत केले.

(दृश्य : सप्टेंबर २०२१. रेस्टॉरंटचं मागचं दार. काका ॲप्रनमध्ये, हातात फोन.)

बँकेच्या ॲपमध्ये नवी नोंद आली आहे : ट्रेझरी, टॅक्स रिफंड. काका चष्मा शोधतात, सापडत नाही, फोन आमच्या कॅमेरामनकडे देतात. वाचून दाखव म्हणतात.

(कॅमेऱ्यामागून आवाज आकडा वाचतो. काका फोन परत घेतात. आतून कुणीतरी हाक मारतं. दार बंद होतं.)