आठ-दहा वर्षं वकिली झाल्यावर दुसरी क्लर्कशिप घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आजचा विषय मोजक्या लोकांचा आहे, पण ज्यांचा आहे त्यांची झोप या प्रश्नाने उडालेली असते. माझीही उडाली होती. तुम्ही अमेरिकेत वकिली करताय. लॉ स्कूल संपल्यावर एका फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा कोर्टातल्या न्यायाधीशांकडे वर्षभर क्लर्कशिप केलीत, मग फर्ममध्ये आठ-दहा वर्षं गेली. आणि आता मनात घोळतंय की पुन्हा एक वर्ष क्लर्क म्हणून जावं, या वेळी अपील कोर्टात.

पहिली अडचण शब्दाची. मी हे साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. आपल्याकडे कोर्टातला क्लर्क म्हणजे कारकून: रोजनामा लिहिणारा, फाइली सांभाळणारा. इथला लॉ क्लर्क न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये बसतो. दोन्ही बाजूंचे ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, वाचतो, निवाडे शोधतो, न्यायाधीशांसाठी टिपण लिहितो आणि बऱ्याचदा निकालाचा पहिला मसुदाही करतो. १८८२ मध्ये होरेस ग्रे इथल्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती म्हणून आले आणि स्वतःच्या खिशातून पगार देऊन त्यांनी नुकताच पदवी घेतलेला एक तरुण मदतीला ठेवला. तिथे ही प्रथा रुजली ती तेव्हापासून. दिल्लीत आपल्या सर्वोच्च न्यायालयातही लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट असतात, पण तिथे वयाची अट ३२ वर्षांपर्यंतची. दहा वर्षं वकिली करून परत जायचा प्रश्न तिथे जवळजवळ उद्भवतच नाही. म्हणून आज फक्त अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांबद्दल बोलते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण आपल्यातल्या कित्येकांचा प्रश्न इथेच मिटतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या फेडरल कोर्टात पगारी क्लर्क व्हायचं तर नागरिकत्व लागतं, किंवा नागरिकत्वाच्या वाटेवर असलेलं ग्रीनकार्ड. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हे दार बंद आहे, तुमचे गुण कितीही असोत. मला हे अन्यायाचं वाटतं. पण नियम आहे, आणि पत्रं पाठवून सहा महिने वाट पाहण्यापेक्षा तो आज कळलेला बरा.

आता माझं सांगते. मी नवव्या वर्षी गेले. जिल्हा कोर्टातलं पहिलं वर्ष मला आजही लख्ख आठवतं: सकाळी कागदपत्रं देण्याघेण्यावरचे तंटे, दुपारी शिक्षेची सुनावणी, मधेच ज्युरीचा खटला. तिथे माणसं दिसतात. साक्षीदार पाण्याचा घोट कधी घेतो तेही दिसतं. अपील कोर्टात माणसं दिसत नाहीत, दिसतो तो फक्त रेकॉर्ड, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कामाचे कागद. बहुतेक अपिलं तर तोंडी युक्तिवादाशिवायच निकाली निघतात. तीन न्यायाधीशांचं पॅनेल, समोर ब्रीफ, आणि सगळ्यात आधीचा प्रश्न असा, की खालच्या कोर्टाच्या निर्णयाकडे आम्ही किती आदराने बघायचं? कायद्याचा मुद्दा असेल तर पुन्हा पहिल्यापासून विचार. वस्तुस्थितीचा निष्कर्ष असेल तर उघड चूक दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. न्यायाधीशांच्या विवेकाचा भाग असेल तर त्याहून सांभाळून. ही कसोटी कोणती, यावर अर्धं अपील तिथेच ठरतं. फर्ममध्ये नऊ वर्षं मी ब्रीफमध्ये हा परिच्छेद जुन्या फाइलीतून उचलून चिकटवत आले होते. चेंबरमध्ये पहिल्याच आठवड्यात कळलं की न्यायाधीश सगळ्यात आधी तोच वाचतात.

दुसऱ्या वेळचा खरा लाभ मला इथे दिसतो. सव्विसाव्या वर्षी ब्रीफ वाचताना मी प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवायचे. पस्तिशीनंतर वाचताना कळतं की हा मुद्दा रात्री अकराला अशिलाच्या आग्रहाखातर घातलाय. अवघड निवाडा तळटीपेत का ढकललाय तेही कळतं. उत्तरात एखादा मुद्दा नुसताच वगळला असेल, तर त्यांच्याकडे त्याला उत्तर नाही, हे ओळखू येतं. तोच कागद असतो, पण वाचणारा बदललेला असतो. आणि आपणही नऊ वर्षं हेच करत आलो, हे दिसल्यावर आपलं लिहिणं बदलतंच. माझे ब्रीफ आता आखूड असतात. पाच मुद्द्यांच्या जागी दोन.

पण याची किंमत मोठी आहे.

[स्क्रीनवर: पगाराचे आकडे]

मोठ्या फर्मच्या २०२४ च्या वेतनश्रेणीत आठव्या वर्षाच्या असोसिएटचा, म्हणजे अजून भागीदार न झालेल्या पगारी वकिलाचा, मूळ पगार ४,३५,००० डॉलर होता, बोनस वेगळा. अनुभवी क्लर्कला शहर आणि श्रेणीनुसार साधारण एक लाख ते दीड लाख डॉलर मिळतात. घराचा हप्ता, पाळणाघराचं बिल आणि भारतात पाठवायचे पैसे हे सगळं त्यातच बसवायचं. निवृत्तीसाठीच्या ४०१(के) बचत खात्यातला फर्मचा वाटा असेल तर तोही थांबतो. मोठ्या फर्म क्लर्कशिप करून आलेल्यांना बोनस देतात, हे खरं. पण ते धोरण प्रामुख्याने नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांसाठी आखलेलं असतं. दहाव्या वर्षी परतणाऱ्याला तो मिळेल का, आणि हे वर्ष ज्येष्ठतेत धरलं जाईल का, हे लेखी विचारा. मी तोंडी आश्वासनावर गेले. परत आले तेव्हा ज्यांनी ते दिलं होतं ते भागीदार फर्म सोडून गेले होते, आणि माझ्या हाती काहीच नव्हतं. ते वर्ष ज्येष्ठतेत धरलं गेलं नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

पैशांहून मोठी गोष्ट अशिलांची आहे. नऊ वर्षांत चार लोक थेट तुम्हालाच फोन करू लागलेले असतात. वर्षभर तुम्हाला वकिली करता येत नाही, सल्ला देता येत नाही. त्यातला एखादा दुसरीकडे जाणार हे धरूनच चाला. शिवाय जुन्या फर्ममध्येच परतायचं ठरलं असेल, तर चेंबरमध्ये त्या फर्मच्या प्रत्येक प्रकरणापासून तुम्हाला लांब ठेवलं जातं.

शिक्षणाचं फेडरल कर्ज अजून डोक्यावर असेल तर मात्र गणित थोडं वेगळं होतं. सार्वजनिक सेवेतल्यांसाठी २००७ पासून कर्जमाफीची योजना आहे. तिला १२० हप्ते लागतात, आणि पूर्णवेळ क्लर्कशिपच्या काळातले पात्र हप्ते त्यात धरले जातात. सरकारी नोकरीतच राहायचं असेल तर याचा उपयोग आहे. एका वर्षासाठी येऊन परत फर्मला जाणाऱ्याला फारसा नाही.

मग घ्यावी कधी? मला लोक इथल्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांचं उदाहरण देतात. त्यांनी जिल्हा कोर्ट, अपील कोर्ट आणि मग न्यायमूर्ती ब्रेयर यांच्याकडे सुप्रीम कोर्टात, अशा तीन क्लर्कशिप केल्या. बरोबर आहे, पण त्या १९९६ ते २००० या काळातल्या, लॉ स्कूलमधून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या चार वर्षांतल्या. त्या वयात क्लर्कशिप दार उघडते. चाळिशीच्या आसपास नुसत्या नावासाठी ती घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. तोवर तुमची ओळख तुमच्या कामाने झालेली असते. बायोडेटातली एक जादा ओळ ती बदलत नाही.

मी स्वतःला जो प्रश्न विचारला तोच तुम्हाला देते: क्लर्कशिप संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी टेबलाशी बसून कोणतं काम करणार आहे? उत्तर ‘जे आज करतेय तेच’ असेल, तर जाऊ नका. माझं उत्तर होतं अपिलं. मला खटल्यांतून बाहेर पडून फक्त अपिलांचं काम करायचं होतं, आणि त्या खोलीत बसल्याशिवाय ते मला कुणी दिलं नसतं. आपल्यात इंजिनिअरिंग करून, नोकरी सांभाळत संध्याकाळच्या वर्गांतून कायदा शिकून पेटंट वकील झालेले बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी वॉशिंग्टनमधलं फेडरल सर्किट हे अपील कोर्ट बघण्यासारखं आहे. १९८२ मध्ये ते स्थापन झालं आणि देशभरातल्या पेटंट खटल्यांची अपिलं तिथे येतात. तांत्रिक पार्श्वभूमीला तिथे खरोखर मोल आहे. पेटंट अर्ज लिहिण्यातून पेटंटच्या अपिलांकडे वळायचं असेल, तर ते एक वर्ष वाया जाणार नाही.

आणि नुसते थकलेले असाल तर? मला हा प्रश्न विचारणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात शेवटी थकवाच निघतो. त्याला क्लर्कशिप हा उपाय नाही. तीन महिने बिनपगारी रजा घ्या, गावी जा, झोपा. एका मैत्रिणीने नेमकं तेच केलं. अर्ज तयार होता, तो पाठवला नाही. परत येऊन तिने फर्म बदलली, आणि माझ्या मते तिचा निर्णय बरोबर होता.

ज्यांना हे कामच कायम करायचंय त्यांनी आणखी एक लक्षात घ्या. टर्म क्लर्क, म्हणजे ठरावीक मुदतीचा क्लर्क, म्हणून एकूण चारच वर्षं राहता येतं, त्यात तुमचं पहिलं वर्षही मोजतात. कायमस्वरूपी करिअर क्लर्क प्रत्येक न्यायाधीशाला एकच ठेवता येतो. त्या जागा क्वचित रिकाम्या होतात. अपील कोर्टांत स्टाफ अॅटर्नी, म्हणजे एका न्यायाधीशाऐवजी कोर्टासाठी काम करणारे वकील, असतात, तिकडेही बघा.

आता न्यायाधीश. कोर्टापेक्षा माणूस महत्त्वाचा. चेंबर म्हणजे चार-पाच माणसांचं घर, दार लावलेलं. सोबतचे क्लर्क तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असतील. तुमचा मसुदा लाल होऊन परत येईल, आणि निकालावर तुमचं नाव कुठेच नसेल. चांगल्या न्यायाधीशाकडे हे सगळं सुखाचं वाटतं. वाईट माणसाकडे दाद मागायची वाट अरुंद आहे, कारण नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा फेडरल कायदा या क्लर्कना लागू होत नाही. कोर्टाची स्वतःची अंतर्गत तक्रार-यंत्रणा आहे, तेवढीच. २०१७ मध्ये एका ज्येष्ठ अपील न्यायाधीशांना महिला क्लर्कनी केलेल्या आरोपांनंतर पद सोडावं लागलं, तेव्हा हे सगळ्या देशाला दिसलं.

म्हणून ऑस्कर या क्लर्कशिपच्या अर्जांच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज टाकण्याआधी जुन्या क्लर्कना फोन करा. न्यायाधीशांनी दिलेल्या यादीतल्यांना करा, आणि यादीत नसलेल्या निदान एकाला शोधून काढा. एक प्रश्न जरूर विचारा: ‘तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तेव्हा काय झालं?’ माझ्या न्यायाधीशांच्या एका जुन्या क्लर्कने मला सांगितलं, की तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात न्यायाधीशांनी तिचं टिपण स्वतः लिहिलं, आणि ती परत आली तेव्हा तिला तपासायला दिलं. फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी मी अर्ज पाठवला.