पंचहौदाचा चहा आणि आपला रकाना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

'आपल्या चालीरीती, काल आणि आज' असा विषय दिला की वक्ता बहुधा आजीच्या सोवळ्यापासून सुरू करतो आणि नातवंडांच्या इंग्रजीपाशी येऊन हळहळतो. टाळ्याही मिळतात. मी आज त्या वाटेला जात नाही. मला पुण्यातल्या एका चहाबद्दल बोलायचंय, आणि त्या चहाचा आपल्या न्यू जर्सीशी जो संबंध आहे त्याबद्दल.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन. तिथल्या चर्चचा उंच मनोरा इथल्या पुणेकरांनी येताजाता पाहिलेला असणार. मिशनमध्ये एक व्याख्यान ठरलं आणि गावातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना आमंत्रणं गेली. न्यायमूर्ती रानडे आले, टिळक आले, तरुण गोपाळ कृष्ण गोखले आले. व्याख्यान संपल्यावर मिशनमधल्या बायकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा प्यायला, कुणी पेला ओठाला लावून खाली ठेवला, कुणी हातही लावला नाही. यजमानीणबाई समोर उभ्या असताना भिडेखातर माणूस जे करतो ते ज्यानं त्यानं केलं.

मग 'पुणे वैभव' पत्रात पाहुण्यांची यादी छापून आली. चाळीसएक नावं. ख्रिस्त्यांच्या हातचं खाल्लं-प्यायलं म्हणून सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली. ग्रामण्य माजलं. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, जातीचे नियम मोडले म्हणून पंक्तीला बसू न देण्याचा, घरच्या कार्याला न जाण्याचा हा सगळा खटाटोप. शंकराचार्यांनी चौकशीला शास्त्री नेमले. साक्षी झाल्या, वाद झाले, धर्मग्रंथ उघडले गेले. टिळक तर वकीलच. त्यांनी आपली बाजू स्वतः मांडली आणि काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. तरी त्यांच्या घरच्या कार्याला भटजी मिळायची पंचाईत व्हायचीच. माहेरवाशिणीला घरी आणायचं की नाही, श्राद्धाला ब्राह्मण येणार की नाही, असे प्रश्न घराघरांत उभे राहिले. रानड्यांवर बाहेरून कुणाची सक्ती चालण्यासारखी नव्हती. पण मित्रांची कुचंबणा पाहून १८९२ मध्ये त्यांनी त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते मुळीच रुचलं नाही, आणि त्यांनी आपल्या आठवणींत ते लपवलेलंही नाही.

एका कप चहापायी हे प्रकरण दीड-दोन वर्षं चाललं. आता या चहावर हसणं फार सोपं आहे. मी शाळेत ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळा वर्ग हसला होता. पण यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. यादीतल्या कित्येकांनी आधीही चोरून-मारून असलं काहीबाही केलेलं असणार, आणि ते आजूबाजूच्यांना ठाऊकही असणार. गहजब झाला तो नाव छापून आल्यावर. रूढी मोडली याचं दुःख कमी आणि आता आपल्याला काहीतरी करणं भाग आहे याची अडचण जास्त, असा तो मामला होता.

यादी फोडली कुणी? ज्या गृहस्थांनी हा सगळा बेत जुळवून आणला होता त्यांनीच. सुधारक घरात एक आणि दारात एक वागतात, हे त्यांना चव्हाट्यावर आणायचं होतं. त्यांचं नाव गोपाळराव जोशी. आनंदीबाईंचे यजमान.

इथं आपली न्यू जर्सी येते. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या आणि तिथून रोझेलला आल्या, कार्पेंटरबाईंच्या घरी. आपल्यापैकी निम्मे लोक रोझेलच्या बाजूनं रोज कामाला जातात. दातांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र या बाईंच्या वाचनात आलं आणि ओळख ना पाळख, त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. अठरा वर्षांची, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेली मुलगी, नवरा बरोबर नसताना समुद्र ओलांडून आली. आणि समुद्र ओलांडणं म्हणजे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास थेट पातकांत मोजलाय.

निघण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी जाहीर भाषण केलं. लोकांचे सगळे प्रश्न स्वतःच मांडून एकेकाला उत्तर दिलं: अमेरिकेलाच का, एकटीच का, परत आल्यावर वाळीत टाकलं तर काय. हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगून त्या निघाल्या. फिलाडेल्फियात त्यांनी मांसाहार केला नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधायला लागली तेव्हा मात्र त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. कुठली गोष्ट सोडायची आणि कुठली नाही, याचा हिशेब त्या मुलीनं एकटीनं केला. आपल्याला इथं स्नो बूट घेताना कुणाला पत्र लिहून कळवावं लागलं नाही.

त्या वेळची अमेरिका फार पुढारलेली होती असं समजू नका. आनंदीबाई ज्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या ते १८५० मध्ये निघालं, कारण इतर कॉलेजं बायकांना दारात उभं करत नव्हती. १८६९ मध्ये याच कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शिकायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा आनंदीबाई येण्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या अमेरिकन बायकांना राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क देशभर मिळायला आणखी चौतीस वर्षं होती.

वर्षभरात आनंदीबाई पुण्यात वारल्या. समुद्रबंदीचं पुढे काय झालं? १८८८ मध्ये गांधीजी विलायतेला निघाले म्हणून त्यांच्या मोढ वाणी जातीनं मुंबईत त्यांना बहिष्कृत केलं. १८९१ मध्ये परतल्यावर नाशिकला गोदावरीत स्नान करून त्यांनी शुद्धी करून घेतली. चहापायी काशीचं प्रायश्चित्त घेतलेले टिळक १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी लंडनला गेले. मुलं आय.सी.एस.ला, बॅरिस्टरीला जाऊ लागली तसतसा समुद्र पवित्र होत गेला. कुणी मोठा ठराव केला नाही. ज्यांना ती बंदी टोचत होती त्यांच्याच हातात धर्म सांगायची सत्ता होती, म्हणून ती तीसचाळीस वर्षांत विरून गेली.

आता त्याच पुण्यात, पंचहौदाला लागून असलेल्या गंज पेठेत चला. चहा झाला त्या ऑक्टोबरात तिथं जोतिराव फुले अखेरच्या आजारात होते. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता १८६८ मध्ये. म्हणजे चहाच्या बावीस वर्षं आधी. न्यायमूर्ती आणि संपादक ज्या गोष्टीवर शास्त्र्यांपुढे साक्षी देत होते, तिचा निकाल शेजारच्या पेठेत एका माळ्याच्या घरी केव्हाच लागलेला होता. त्याची दखल गावानं कितीशी घेतली?

चहाच्या प्रकरणात शिक्षा होती तशी सुटकाही होती. गोमूत्र घ्या, दक्षिणा द्या, दाखला दाखवा, की पुन्हा पंक्तीत पान मांडलं जायचं. महाराला असं कुठलं प्रायश्चित्त होतं? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा मारहाण झाली आणि नंतर तळ्याचं शुद्धीकरण झालं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. चहाला दोन वर्षं लागली, पाण्याला एकट्या महाडात दहा.

बाबासाहेब नदीपलीकडे न्यूयॉर्कलाच शिकले. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात आले, आनंदीबाईंनंतर बरोबर तीस वर्षांनी, त्याच बंदरात. समुद्र ओलांडताना आनंदीबाईंना जात जाण्याची भीती होती. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती. बडोद्याला नोकरीसाठी उतरल्यावर ती परत आली: राहायला जागा मिळेना, नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. कोलंबियात शिकलेला, राज्याच्या सेवेत असलेला माणूस.

मला वाटतं ते एवढंच. रूढी आपल्याला टोचली की आपण तिला जुनाट म्हणतो आणि सोडून देतो. दुसऱ्याला टोचत असली की तिला परंपरा म्हणतो.

आपल्याकडे बघा. इथं येऊन आपण काय काय सोडलं? सोवळं गेलं, शिवाशिव गेली, बायकोनं नवऱ्याचं नाव न घेणं गेलं; ते आता संक्रांतीच्या हळदीकुंकवात उखाण्यापुरतं उरलंय. सुतक सुट्टी मिळेल तेवढं. श्राद्ध शनिवारी. यातल्या एकाही गोष्टीसाठी आपण शास्त्र्यांना विचारलं नाही, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. मी स्वतः गौरी वीकएंडला बसवते. मग टिकलं काय?

१९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला चालला. तेव्हा नागरिक होण्यासाठी आशियातल्या माणसाला गोरं ठरावं लागायचं. थिंड यांच्या बाजूनं काय मांडलं गेलं माहीत आहे? हे उच्चवर्णीय हिंदू आहेत, आणि अमेरिकन गोरा माणूस लग्नसंबंधाच्या बाबतीत काळ्यांकडे जसा पाहतो तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे पाहतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच, आत घ्या. न्यायालयानं घेतलं नाही. ज्या वर्षी मुंबईत बोले पाणवठे खुले करायचा ठराव मांडत होते, त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये आपल्या माणसाच्या वतीनं जात ही लायकी म्हणून पुढे केली जात होती.

अमेरिकेनं आपले रिवाज सोडायलाही वेळ घेतलाच. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी १९६७ पर्यंत सोळा राज्यांत होती. १९६५ च्या कायद्यानं दार उघडल्यावर आलेल्या पहिल्या पिढीतले काका-काकू आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांच्या आठवणीतला तो काळ. अलीकडची गोष्ट म्हणाल तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला मनाई केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. त्या वर्षी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जी वादावादी झाली ती मी वाचली आहे. 'इथं जात आहेच कुठे' असं ठासून लिहिणाऱ्यांत मला ओळखीची नावं दिसली, आणि त्यातल्या दोघांची पत्रकं मी त्याआधी पाहिली होती. मुलामुलींची स्थळं बघताना दिलेली.

आपल्या मुलांनी अमेरिकन, गुजराती, पंजाबी, चिनी जोडीदार आणले. सुरुवातीला घरोघर रडारड झाली, मग आपण नाचलो. चांगलंच झालं. पण गोरी सून चालते आणि आपलीच मराठी पण 'त्या' आडनावाची मुलगी म्हटल्यावर घरात शांतता पसरते, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलंय. याला परंपरा म्हणू नका, निदान माझ्यासमोर.

म्हणून एक अगदी कारकुनी गोष्ट सांगते आणि बसते. आपल्या मंडळाच्या वधूवर मेळाव्याचा अर्ज आहे. त्यात शिक्षण, नोकरी, व्हिसा, उंची, आहार यांच्यानंतर 'जात / पोटजात' असा रकाना आहे, आणि त्यापुढे तारा आहे. म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. व्हिसाच्या रकान्याला तारा नाही, याला तारा आहे. कार्यकारिणीत मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की लोकच विचारतात. विचारू देत, ते एकमेकांना फोनवर विचारतील. मंडळानं ते छापील विचारायचं कारण नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा रकाना काढून टाकण्याचा ठराव मी मांडणार आहे. ठरावाचा मसुदा बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवलाय. त्यावर अनुमोदकाची सही लागते आणि ती जागा अजून कोरी आहे. अनुमोदकाचं नाव सभेच्या इतिवृत्तात छापलं जातं, हे आधीच सांगून ठेवते.