उद्याची पोरं देऊन आजचा तारा घ्यावा का?

नमस्कार मंडळी! आज बेसबॉल. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसालाही हा प्रश्न पटकन कळेल, कारण प्रश्न शेवटी माणसांचा आहे. आपल्या हाताखाली तयार होत असलेली १८-१९ वर्षांची पोरं दुसऱ्या संघाला देऊन टाकायची आणि त्यांच्याकडचा तयार तारा आणायचा, हे करावं का?

आधी एक संध्याकाळ दाखवतो. १५ ऑक्टोबर २०२२, शनिवार. सॅन डिएगोचं पेटको पार्क मैदान. पावसामुळे सामना उशिरा सुरू झालाय, पण खुर्ची सोडून कोणी गेलेलं नाही. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. त्या हंगामात त्यांनी १११ सामने जिंकलेत, सॅन डिएगो पाद्रेसनी ८९. म्हणजे दोन्ही संघांत २२ विजयांचं अंतर. पाच सामन्यांच्या मालिकेत पाद्रेस २-१ ने पुढे आहेत, पण या सामन्यात नऊपैकी सातवी इनिंग आली तरी डॉजर्स ३-० ने पुढे. मग पाद्रेसची एक धाव येते. दुसरी येते. आता बॅट घेऊन उभा राहतो २३ वर्षांचा हुआन सोटो. तो उजवीकडे सिंगल मारतो आणि सामना ३-३. थोड्या वेळाने जेक क्रोनेनवर्थचा हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), आणखी दोन धावा. पाद्रेस ५-३ ने जिंकतात आणि १११ विजयांचे डॉजर्स घरी जातात.

हा सोटो अडीच महिन्यांपूर्वी पाद्रेसचा नव्हताच. २ ऑगस्टला तो वॉशिंग्टन नॅशनल्सकडून आला. त्याच्यासोबत जॉश बेल आला. बदल्यात पाद्रेसनी ल्यूक व्हॉइट हा अनुभवी खेळाडू दिला आणि पाच पोरं दिली: मॅकेन्झी गोर, सी. जे. एब्रम्स, रॉबर्ट हॅसल, जेम्स वुड आणि हारलिन सुसाना. वुड तेव्हा १९ वर्षांचा होता, सुसाना १८ चा.

आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी इथे थोडं थांबतो. आयपीएलमध्ये फ्रँचायझी अदलाबदल करते तेव्हा पैसे जातात, नाहीतर तयार खेळाडू जातो. मुंबईच्या मैदानांवर घडणारा मुलगा मुंबई इंडियन्सच्या मालकीचा नसतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च लीगच्या, प्रत्येक संघाची स्वतःची शिडी असते. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, घेतलेला किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमधून करार करून आणलेला मुलगा या पायऱ्या चढत वर येतो आणि या सगळ्या काळात तो त्या संघाच्या हक्काचा असतो. वर पोचल्यावरही साधारण सहा हंगाम तो त्याच संघाला बांधलेला. त्यातली पहिली तीन वर्षं पगार किमान वेतनाच्या आसपास. २०२२ मध्ये हे किमान वेतन होतं सात लाख डॉलर, आणि त्याच वर्षी सोटोचा पगार एक कोटी ७१ लाख डॉलर. आता कळलं, पोरांना एवढी किंमत का असते? चांगला निघालेला मुलगा म्हणजे सहा वर्षं हक्काचा, आणि त्यातली पहिली तीन अगदी स्वस्तातला खेळाडू.

मग नॅशनल्सनी सोटोला सोडलं कशाला? त्यांनी त्याला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले होते. त्याने नकार दिला. २०२४ चा हंगाम संपला की तो मोकळा होणार होता आणि तेव्हा नॅशनल्सच्या हाती फारसं काही उरलं नसतं. पाद्रेसच्या बाजूने बघा. त्यांनी विकत घेतले ते तीन ऑक्टोबर. २०२२ चा, २०२३ चा आणि २०२४ चा. या व्यवहाराची खरी किंमत अशीच मोजायची असते: हा माणूस आपल्याकडे किती ऑक्टोबर खेळेल? कारण प्लेऑफ ऑक्टोबरमध्ये होतात.

पुढे काय झालं? २०२२ मध्ये पाद्रेस पुढच्या फेरीत फिलाडेल्फियाकडून हरले. २०२३ मध्ये सोटो सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला, ३५ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, पण संघ जेमतेम ८२ सामने जिंकला आणि प्लेऑफ हुकले. त्या नोव्हेंबरमध्ये संघाचे मालक पीटर साइडलर वारले. साइडलरनी या शहरासाठी हात आखडता घेतला नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा चार्जर्स संघ सॅन डिएगो सोडून गेला, तेव्हापासून या शहराचं सगळं प्रेम पाद्रेसवर. आणि पाद्रेसनी १९६९ पासून आजवर एकही वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेली नाही. हे माहीत असल्याशिवाय त्या शनिवारी लोक का रडले ते कळत नाही. साइडलर गेले, खर्च कमी करायची वेळ आली आणि डिसेंबरमध्ये सोटो न्यू यॉर्क यँकीजकडे गेला. तिसरा ऑक्टोबर पाद्रेसना मिळालाच नाही.

इथे बरेच लोक हिशोब बंद करतात. एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक उत्तम खेळाडूंत आला, गोर आणि वुड २०२५ मध्ये. वुडने त्या वर्षी ३१ होमरन मारले. म्हणून पाद्रेस फसले, नॅशनल्स जिंकले, असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही.

नॅशनल्सचे विजय बघा. २०२३ मध्ये ७१, २०२४ मध्ये ७१, २०२५ मध्ये ६६. तीन ऑल-स्टार पोरं मिळूनही १६२ पैकी निम्मे सामनेसुद्धा नाहीत. आणि पाद्रेसनी सोटो दिला तेव्हा यँकीजकडून मायकल किंग हा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, घेतला. त्याने २०२४ मध्ये १३ सामने जिंकून दिले (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावरही लिहितात). त्याच व्यवहारात ड्रू थॉर्प नावाचा तरुण पिचर आला होता. त्याला पुढे करून पाद्रेसनी शिकागो व्हाइट सॉक्सकडून डिलन सीस हा पिचर आणला. आता २५ जुलै २०२४, मैदान वॉशिंग्टनचं. सीसने नॅशनल्सविरुद्ध नो-हिटर टाकला. संपूर्ण सामन्यात समोरच्यांना एक हिट मिळू दिला नाही! पाद्रेसच्या इतिहासातला हा फक्त दुसरा नो-हिटर. सोटोसाठी दिलेल्या पोरांच्या संघापुढे, सोटो देऊन मिळालेल्या माणसांच्या साखळीतून आलेला पिचर उभा होता. त्या वर्षी पाद्रेस ९३ सामने जिंकले.

माझं म्हणणं सरळ आहे. संघ दाराशी पोचलेला असेल आणि समोरचा खेळाडू खराखुरा तारा असेल, तर पोरं द्यावीत.

"खराखुरा" यावर मी अडून बसतो. ज्या व्यवहारांच्या आठवणीने चाहते आजही हळहळतात, ते काढून बघा. १९९० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. हा बॉस्टनमध्ये जन्मलेला पोरगा ४४९ होमरन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. बदल्यात काय आलं? लॅरी अँडरसन, ३७ वर्षांचा रिलीफ पिचर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर उतरणारा. बॉस्टनसाठी तो २२ इनिंग टाकून गेला. २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी १७ वर्षांचा फर्नांडो टाटीस ज्युनियर दिला, एकही व्यावसायिक सामना न खेळलेला, पण पुढे तारा ठरलेला, आणि घेतला ३४ वर्षांचा जेम्स शील्ड्स. तारा कुठे आहे यात? ही भोकं बुजवायची घाई होती. ठिगळासाठी अख्खा शालू फाडला!

डेट्रॉइटचं प्रकरण मात्र मला इतकं सोपं वाटत नाही. १९८७ मध्ये त्यांनी २० वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. मिशिगनचाच मुलगा. तेव्हा डबल-एमध्ये त्याचे चार विजय, दहा पराभव. बदल्यात ३६ वर्षांचा पिचर डॉइल अलेक्झांडर. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणून सगळे डेट्रॉइटला नावं ठेवतात. पण अलेक्झांडरने तिथे नऊ सामने जिंकले आणि एकही हरला नाही. डेट्रॉइट टोरंटोच्या फक्त दोन सामने पुढे राहून गटात पहिलं आलं. ते नऊ विजय काढले तर ते गट जिंकतच नाहीत. प्लेऑफमध्ये तो दोन्ही वेळा हरला, हेही खरं. तरी त्या शहराला मिळालेला तो सप्टेंबर मी शून्यात धरणार नाही.

आणि मिलवॉकी. २००८ मध्ये त्यांनी फक्त अर्ध्या हंगामासाठी सी. सी. सबाथिया आणला. मोबदल्यातलं सगळ्यात मोठं नाव होतं मॅट लापोर्टा, ज्याचं पुढे फार काही झालं नाही. सबाथियाने ११ सामने जिंकले, दोन हरले. शेवटी तर सलग तीन वेळा फक्त तीन-तीन दिवसांची विश्रांती घेऊन तो पिचिंगला उतरला. पिचरच्या खांद्याला हे किती भारी पडतं! शिवाय हंगाम संपला की तो मोकळा होणार होता, मोठा करार समोर होता, खांदा गेला असता तर तोही गेला असता. तरी २८ सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध त्याने पूर्ण सामना एकट्याने टाकला. मिलवॉकी ३-१ ने जिंकलं आणि २६ वर्षांनी प्लेऑफमध्ये गेलं. पहिल्याच फेरीत हरलं. मिलवॉकीच्या लोकांना तो व्यवहार नको होता असं मला तरी वाटत नाही.

आता ताजं प्रकरण, कारण पाद्रेस थांबलेले नाहीत. ३१ जुलै २०२५ ला त्यांनी लिओ डे व्रीस दिला. डॉमिनिकन रिपब्लिकचा १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), बेसबॉलमधल्या सगळ्यात नावाजलेल्या होतकरू मुलांपैकी एक. सोबत आणखी तीन पिचर. घेतला मेसन मिलर, ताशी १०० मैलांच्या वर चेंडू टाकणारा रिलीफ पिचर, आणि जोडीला जे. पी. सीअर्स. मिलर २०२९ पर्यंत संघाकडे राहू शकतो, म्हणजे मोजा, पाच ऑक्टोबर. पहिला गेलाही, शिकागो कब्जनी पाद्रेसना पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. मिलर थक्क करणारा पिचर आहे, पण रिलीफ पिचर एका रात्री एखादी-दुसरी इनिंग टाकतो, आणि शॉर्टस्टॉप रोज मैदानात असतो. सोटोसाठी पाचही पोरं मी दिली असती. डे व्रीस मी दिला नसता. तुम्ही दिला असता का? खाली लिहा, आणि का ते नक्की लिहा.